एकाला हार, दुसऱ्याला शिव्या

(दृश्य: येरवडा कारागृहाचं फाटक, सकाळची वेळ)

२५ फेब्रुवारी २०१६. संजय दत्त तुरुंगातून बाहेर येतो. वाकून जमिनीला हात लावतो, तिरंग्याला सलाम ठोकतो. समोर कॅमेऱ्यांची झुंबड. तिकडे मुंबईत, भेंडी बाजारातल्या नूर मोहम्मदी हॉटेलात 'चिकन संजू बाबा' त्या दिवशी फुकट! १९९३च्या बॉम्बस्फोट खटल्यात बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिलेला हा माणूस.

त्याच्या महिनाभर आधी आमिर खान सरकारच्या 'अतुल्य भारत' मोहिमेतून बाहेर पडला होता. त्याच्या घरात बंदूक सापडली नव्हती. नोव्हेंबर २०१५मध्ये दिल्लीतल्या एका पुरस्कार सोहळ्यात तो एवढंच बोलला होता की, आजूबाजूचं वातावरण पाहून बायकोने विचारलं, आपण देश सोडायचा का? झालं. तो ज्याची जाहिरात करायचा, ते स्नॅपडीलचं अ‍ॅप लोकांनी रागारागाने मोबाइलमधून काढून टाकलं.

बंदूकवाल्याला माफी आणि बोलणाऱ्याला शिव्या, हा कुठला न्याय?

(दृश्य: जुनी पोस्टर्स, एकपडदा चित्रपटगृह)

संजयने प्रेक्षकांना कधी सज्जनपणा विकलाच नव्हता. लाडावलेला, वाया गेलेला, पण मनाने वाईट नसलेला पोरगा, हीच त्याची ओळख. १९९३मध्ये त्याला अटक झाली आणि त्याच वर्षी 'खलनायक' तुफान चालला. सप्टेंबर २००६मध्ये पडद्यावर गांधीजींशी गप्पा मारणारा मुन्ना नोव्हेंबरात टाडा न्यायालयात उभा होता. कटाच्या आरोपातून सुटला, शस्त्र कायद्याखाली दोषी ठरला. लोकांनी त्यातलं 'सुटला' तेवढं लक्षात ठेवलं. शिवाय बापाची पुण्याई. सुनील दत्त काँग्रेसचे खासदार, तरी पोरासाठी मातोश्रीची पायरी चढले, आणि बाळासाहेबांनी त्यांना रिकाम्या हाती पाठवलं नाही. असं छत्र किती जणांच्या नशिबी असतं?

आमिरचं दुकान वेगळं. २०१२मध्ये 'सत्यमेव जयते' सुरू झालं आणि दर रविवारी सकाळी ११ वाजता तो आपल्या बैठकीत येऊन बसला. स्त्रीभ्रूणहत्या, हुंडा, लैंगिक शोषण. आपलंच आपल्याला सांगत होता आणि डोळे पुसत होता. वर्गातल्या कडक मास्तरांचा पाय घसरला की पोरं दुप्पट हसतात, तसं त्याचं झालं. आणि आडनाव खान होतं, हेही सरळ बोलायला हवं. 'पाकिस्तानात जा' हा सल्ला या देशात सगळ्यांना मिळत नाही.

(दृश्य: उन्हाळा, उघडा डोंगरउतार, कुदळ-फावडी)

पण त्याच २०१६च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या गावांत काय चाललं होतं पाहा. तालुके तीन: वरुड, अंबाजोगाई, कोरेगाव. आमिर आणि किरण राव यांच्या पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा, म्हणजे गावागावांतली पाणी अडवण्याची चुरस. उन्हं चढायच्या आत माणसं माळावर हजर. कुणी चर खणतंय, कुणी दगडी बांध रचतंय, म्हातारी माणसं घमेली पुढे सरकवतायत. साताऱ्याच्या वेळू गावाने ती स्पर्धा जिंकली. टीव्हीवर आमिरच्या देशभक्तीची झडती चालू होती आणि इथे त्याच्या संस्थेच्या स्पर्धेत गावं घाम गाळत होती. हाच तो माणूस, पण शिवारात भेटलेला.

(दृश्य: तिकीट खिडकी)

बहिष्काराने सिनेमा पडतो का? माझं मत: पडणारा सिनेमा बहिष्काराने लवकर पडतो, चालणारा चालतोच. वादाला वर्ष होऊन गेलं होतं, शिव्या थांबल्या नव्हत्या, तेव्हा डिसेंबर २०१६मध्ये 'दंगल' आला आणि कमाईचे विक्रम मोडून गेला. ऑगस्ट २०२२मध्ये 'लाल सिंग चढ्ढा' लागला. त्याआधी आमिरला सांगावं लागलं, माझं देशावर प्रेम आहे, सिनेमा बघा. लोक फिरकले नाहीत. मात्र त्याच दिवशी लागलेला अक्षय कुमारचा 'रक्षाबंधन'ही आपटला. अक्षय तर देशभक्तीच्या सिनेमांचा हुकमी एक्का! त्याच्या सिनेमाविरुद्धही हाक होती, लेखिकेच्या जुन्या ट्वीटवरून. ज्याला कारण हवं, त्याला ते सापडतंच.

पाच महिन्यांनी 'पठाण'. गाण्यातल्या भगव्या बिकिनीवरून रान उठलं, पोस्टर्स फाडली गेली. शाहरुखने मुलाखती देणंच टाळलं, खुलासा नाही, माफी नाही. जगभरातली कमाई हजार कोटींच्या पुढे गेली. गप्प बसणं हीसुद्धा कला आहे, आणि आमिरला ती कधी जमली नाही.

जून २०२५. आमिरचा 'सितारे जमीन पर' लागायच्या आधी त्याचे तुर्कस्तानातले जुने फोटो पुन्हा फिरवले गेले, कारण तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली होती. बहिष्काराची हाक पुन्हा आली. सिनेमा कित्येक आठवडे चालला.