कॅम्पातला बंगला

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्याच्या अखेरीस आमच्या बेळगावच्या कॅम्पात एका जुन्या बंगल्याची शाकारणी चालली होती. मी फाटकाशी रेंगाळलेलो बघून छपरावरच्या गड्यानं एक कौल खाली दिलं. म्हणाला, "बघा काका, अठराशे पासष्ट सालचा बंगला हाय ह्यो." कौल पालथं केलं. मागं बासेल मिशन या स्वित्झर्लंडातल्या ख्रिस्ती संस्थेचं नाव आणि 1865 हा आकडा ठसठशीत उठलेला. पण श्रोतेहो, हे साल त्या घराचं नव्हे, त्या कौलाचंही नव्हे. त्या साली मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि पुढं कितीतरी वर्षं निघालेल्या कौलांवर तेच साल उमटत राहिलं. तेव्हा कौल बघून बंगल्याचं वय सांगू नये. बंगला त्याहून बराच जुना असू शकतो. आधी त्यावर गवत शाकारलेलं असेल, मग नळीची देशी कौलं, आणि मंगळुरी कौलं सगळ्यात शेवटी.

1818 च्या एप्रिलात इंग्रजांच्या जनरल मन्रोच्या फौजेनं बेळगावचा किल्ला घेतला. पुढं शहराच्या पश्चिमेला छावणी वसली, तोच आपला कॅम्प. पूर्वेला किल्ला, पश्चिमेला कॅम्प आणि मधे गल्ल्यांचं गाव, ही बेळगावची ठेवण तेव्हापासूनची. 1836 मध्ये धारवाडातून काढून बेळगाव हा वेगळा जिल्हा झाला आणि लष्करी साहेबांच्या जोडीला मुलकी साहेबही आले. त्यांना राहायला घरं हवी होती.

ती बांधली कुणी? आपल्याच गवंड्यांनी, वडारांनी, सुतारांनी. भिंतींना जांभ्याचे चिरे, वर चुन्याचा गिलावा, छपराला सागवान. आपला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, म्हणून जोतं कमरेइतकं उंच आणि भोवती रुंद व्हरांडा. ही आपली पडवीच, फक्त चारी बाजूंनी फिरवलेली. छप्पर इतकं खाली उतरतं की भर पावसातही भिंत कोरडी राहते आणि मे महिन्यातलं ऊन खोलीत शिरत नाही. आत मधोमध मोठा हॉल, दोन्ही अंगांना खोल्या, दारं समोरासमोर. आढ्याखालच्या झरोक्यांतून तापलेली हवा वर निघून जाते. पुष्कळ ठिकाणी वाशांखाली कापड ताणून त्याला चुना देत, म्हणजे वरची माती आणि वाळवी जेवणाच्या टेबलावर पडत नसे.

त्या दिवशी हॉलच्या भिंतीत मला एक भोक दिसलं. उंचावर, जेमतेम दोन बोटं जाईल एवढं, आणि खालची कड घासून घासून गुळगुळीत झालेली. पंख्याची दोरी तिथून व्हरांड्यात जायची. बाहेर बसलेला माणूस दुपारभर, रात्रभर ती ओढायचा आणि आत साहेबाला वारा लागायचा. त्या माणसाचं नाव कुठल्याच कागदावर नाही, पण त्याच्या हाताची खूण त्या भिंतीवर आहे. मी बराच वेळ त्या कडेवरून बोट फिरवत उभा होतो. त्या घरात मला सगळ्यात मोलाची वाटली ती ही जागा.

मागं परड्यात स्वयंपाकघर सुटं, त्यापलीकडं नोकरांच्या खोल्या आणि तबेला. धूर आणि आगीची भीती हे कारण खरंच, पण माणसांना लांब ठेवणं हेही तितकंच खरं. वाड्यात चौक मधे असतो आणि घर त्याच्याकडं तोंड करून बसतं. बंगल्यात माणसं मधे आणि मोकळी जागा भोवती. रस्त्यावरच्या माणसाला आधी फाटक ओलांडावं लागतं, मग आवार, मग व्हरांडा. बरीचशी कामं व्हरांड्यातच आटपली जात.

या दोन्ही तऱ्हांच्या बेळगावात एकच पाहुणा एकाच महिन्यात राहून गेला. 1892 चा ऑक्टोबर. कोल्हापूरहून स्वामी विवेकानंद आले ते रिसालदार गल्लीत, वकील सदाशिवराव भाटे यांच्या घरी. भाट्यांचं मराठी घर, गल्लीला लागून. तिथून ते गेले किल्ल्यात, वनाधिकारी हरिपद मित्र यांच्याकडं, आणि मग गोव्याकडं. मित्र बंगाली, पाहुणा बंगाली. आणि गंमत अशी की 'बंगला' हा शब्दही बंगालचाच. तिकडच्या उतरत्या छपराच्या घराला बंगला म्हणत. साहेबांनी ते घर आणि ते नाव दोन्ही उचललं आणि छावणीछावणीतून देशभर नेलं. आज विलायतेत बैठ्या घराला बंगलो म्हणतात, ते इथूनच गेलेलं. किल्ल्यातलं मित्रांचं ते घर आता रामकृष्ण मिशनच्या आश्रमाकडं आहे. ते जपलं गेलं याचा मला मनापासून आनंद आहे.

कॅम्पातल्या बाकीच्या बंगल्यांचं तसं नाही. त्यांतले बरेच 'ओल्ड ग्रँट'चे, म्हणजे जमीन सरकारची आणि वरची इमारत राहणाऱ्याची. मोठी दुरुस्ती काढायची तर परवानगी हवी. ती यायला वेळ लागतो, तोवर दोन पावसाळे वासे कुजवून जातात. एकदा छप्पर बसलं की जांभ्याची भिंत उघडी पडते, चुना धुऊन जातो, चिरे सुटतात. शेजारच्या आवारात मी हे डोळ्यांनी पाहिलं. तिथं आता नुसतं जोतं उरलंय, त्यावर घाणेरी माजलीय.

छपरावरच्या गड्याला मी सालाची ही गोष्ट सांगितली. तो थोडा हिरमुसला, मग विचारलं, "मग काका, घर ह्याच्याआधीचं असंल?" म्हटलं, असेल. त्यानं कौल मागून घेतलं, फडक्यानं पुसलं आणि आढ्याखालच्या दुसऱ्या ओळीत, वाटीत वाटी बसावी तसं बसवलं.