ओला डावा हात

(साताऱ्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, इथे बसलेले बहुतेकजण कृष्णा-कोयनेच्या काठावर गळ टाकत वाढलेले. आपल्याकडे मासेमारीला हातमोजे लागतच नाहीत. वेण्णा लेकवर हिमकण पडले तरी दहा वाजेपर्यंत ऊन चटका देतं. पण हिमाचलातली ट्राउट माशाच्या मासेमारीची बंदी फेब्रुवारीअखेर उठते आणि मार्चमध्ये तिथल्या तीर्थन नदीवर जायचे बेत होतात. तिथे पाण्यात वितळलेला बर्फ असतो. म्हणून आज हातमोजे कोणते घ्यायचे ते सांगायचंय.

त्याआधी थोडं लांबून येतो. शाळेत आपण पाठ केलं होतं, एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला 540 कॅलरी लागतात. हा आकडा उकळत्या पाण्याचा. अंगावरच्या ओलीसाठी तो 580 च्या आसपास जातो, आणि ही उष्णता बरीचशी तुमच्या बोटांतूनच घेतली जाते. त्यात वारा असला की संपलंच. कोरडा हात शून्याच्या आसपासही बराच वेळ तग धरतो, ओला हात त्याहून जास्त तापमानातही बधिर होतो.

आता फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे गळावर नकली माशी बांधून ती दोरीने लांब फेकायच्या मासेमारीत, ही ओल येते कुठून? हात पाण्यात कोणी घालत नाही. ओल येते दोरीवरून! लाईन पाण्यात पडते, मग डाव्या हाताने ती उजव्या तर्जनीखालून वीतवीत ओढून घ्यायची. दर ओढीला ती पाणी घेऊन येते. डाव्याचा अंगठा आणि दोन बोटं, उजव्याची फक्त तर्जनी, एवढी जागा दिवसभर भिजत राहते. उजव्याची बाकीची तीन बोटं रॉडच्या बुचाच्या मुठीवर कोरडी असतात. म्हणजे दोन हातांची कामं वेगळी, ओल वेगळी. तरी बाजारात जोडी मिळते ती एकसारखी. माझा आग्रह असा, की मोजा निवडताना डाव्या हाताचा विचार करा, उजवा आपोआप निभावतो. डावखुऱ्यांनी हे उलटं घ्यावं.

सुती मोजा तर नकोच. सूत पाणी धरून ठेवतं आणि बोटाला चिकटतं. आटपाडी-जतकडचा धनगर भर पावसात घोंगडं पांघरून मेंढरामागं उभा राहतो, ते का? लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ओल पोटात घेते तरी वरून ओली लागत नाही, आणि चिंब झाली तरी थोडी ऊब राखते. घोंगड्याची लोकर बोटांना टोचेल, मऊ मेरिनो बघा. फ्लीस, म्हणजे कृत्रिम धाग्याचा लोकरीसारखा कपडा, ओल फारशी शोषत नाही, पिळून झटकला की चालतो, पण वारा आरपार जातो. निओप्रीन हे स्पंजासारखं रबर वारा अडवतं, मात्र आत घाम साचतो.

आणखी एक. बोटं हलवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात, कोपराखालच्या हातात असतात. आणि वैद्य नाडी बघतात तिथे धमनी अगदी कातडीलगत असते. मनगट उघडं ठेवून बोटं झाकणं म्हणजे खिडकी उघडी ठेवून शेगडी पेटवणं. जुन्या लोकरी पायमोज्याची मनगटी कापून घातली तर महागड्या मोज्याइतका फरक पडतो.

घड्याळाकडे बोट दाखवलं जातंय, तेव्हा निवड पटकन सांगतो. डाव्या हाताला आत डॉक्टर घालतात तसा पातळ नायट्राइलचा, म्हणजे कृत्रिम रबराचा मोजा, वर अर्ध्या बोटांचा लोकरी. पाणी आत शिरत नाही आणि बोटावर बाष्पीभवनही होत नाही. दुपारी काढून हात पुसायचा, कारण घाम साचतोच. उजव्याला फक्त अर्ध्या बोटांचा. टोपी उलटून बोटं झाकणारे मोजे चांगले, पण टोपी मागे पक्की अडकली पाहिजे, नाहीतर लाईन तिच्यात गुंतते. मनगटाला उघडा वेल्क्रो असेल तर तोही लाईन आणि गळ दोन्ही पकडतो.

माप घट्ट नको, आवळलेल्या बोटात रक्त फिरत नाही. दुकानात 5एक्स टिपेट, म्हणजे गळ बांधायचा टोकाचा बारीक धागा, घेऊन जा. ती साधारण 0.15 मिलिमीटरची असते. मोजा घालून गाठ मारता आली तरच पैसे द्या.

लोखंडाच्या भुकटीच्या गरम पुड्यांना हवा लागते, त्या भिजल्या की विझतात. त्या तळव्यात ठेवू नका, मनगटावर मनगटीखाली सरकवा.

आणि मासा हातात घ्यायचा तर मोजा काढायचाच. लोकर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर पुसून काढते, मग त्या जागी बुरशी धरू शकते. सोडलेला मासा काही दिवसांनी मरू शकतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. उघडा हात पाण्यात भिजवून मासा धरा, चिमट्याने गळ काढा, शक्यतो पाण्यातच सोडा. मग कमरेच्या टॉवेलने हात खडखडीत कोरडा करून मगच मोजा चढवा. भिजलेल्या जोडीसाठी दुसरी कोरडी जोडी झिपच्या पिशवीत, छातीच्या खिशात ठेवा. पाठीवरच्या बॅगेत ठेवली तर गरजेच्या वेळी बधिर बोटांनी चेन उघडत नाही.