शेडनेटवाल्याचंच नाव तेवढं खाजगी कसं?

तुम्ही सगळे शेतीतलेच आहात, त्यामुळे अनुदानाचे अर्ज भरायचं महाडीबीटी पोर्टल काय, लाभार्थ्यांची निवड काय हे सांगत बसत नाही. अनुदानाची पूर्वसंमती आली आणि पुढे फाईल अडकली असे इथे किती जण? हात वर करा. बघा, माझी प्रस्तावना तुम्हीच करून टाकली.

तर आमच्या तालुक्यात मी शेडनेटचं, म्हणजे पिकावरच्या जाळीच्या सांगाड्याचं, अनुदान घेतलेल्या लाभार्थ्यांची यादी माहिती अधिकारात मागितली. गाव, नाव, गट नंबर, रक्कम, मोका तपासणीची, म्हणजे जागेवर जाऊन केलेल्या पाहणीची तारीख, बस. आधार नको, बँक खातं नको, हे अर्जातच लिहिलं होतं. उत्तर काय आलं, तर ‘तृतीय पक्षाची माहिती असल्याने देता येत नाही’, म्हणजे ती तिसऱ्याच कुणाची तरी माहिती आहे. अहो, खर्चाच्या निम्मे पैसे सरकारी तिजोरीतून गेलेत, त्यात लपवायचं काय? मग प्रथम अपील केलं, तर सुनावणीत साहेब विचारतात, त्या माणसाशी तुमचं काही वैर आहे का! याचा मला अजून राग येतो, कारण माहिती अधिकाराचं कलम 6(2) स्पष्ट सांगतं की अर्जदाराला कारण विचारायचं नाही, आणि इथे माहिती मागणारा म्हणजे भांडायलाच आलाय असं धरून चालतात. शेवटी यादी हातात पडली आणि आम्ही ती ग्रामसभेत मोठ्याने वाचली. एका गट नंबरवर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण तिथे ना नेट ना सांगाडा, नुसत्या बाभळी. फाईलमध्ये तपासणीचा फोटो होता बरं का, पण फोटोत मागे जी टेकडी दिसते ती आमच्या शिवारात नाहीच. हे साहेबांना ऑफिसात बसून कळणार नाही, पण गुरं चारणाऱ्या पोराला लगेच कळतं, म्हणून यादी गावात लागली पाहिजे.

आता बघा, पीएम किसानचे वर्षाला 6000 रुपये घेणाऱ्याचं नाव गाव निवडलं की पोर्टलवर कुणालाही दिसतं. दोन हजाराचा हप्ता घेणारा उघड, आणि लाखांचं शेडनेट, कोल्ड स्टोरेज घेणारा तृतीय पक्ष?

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत म्हणे, तर मुख्य मुद्दा भरभर सांगतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मध्येच लिहिलंय की अनुदानाच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील खात्याने स्वतःहून जाहीर करायचा, अर्जाची गरजच नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम 8(1)(जे) बदललं, तो बदल नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाला, तेव्हापासून ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणं सोपं झालंय, पण जनहित मोठं असेल तर माहिती देता येते असं सांगणारं 8(2) शाबूत आहे, अर्जात ते आवर्जून टाका. लहान शेतकऱ्याचंही नाव उघडं पडेल त्याचं काय म्हणाल, तर युरोपात 2010 मध्ये कोर्टाने शेती अनुदान घेणाऱ्यांची सरसकट नावं छापणं रद्द केलं, मग त्यांनी नियम बदलून वर्षाला 1250 युरोपर्यंत घेणाऱ्यांची नावं झाकली, मोठ्यांची उघडी ठेवली. असं आपल्याकडेही करता येईल.

येत्या ग्रामसभेत सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या कृषी सहाय्यकाला, यादी मागा, नावासमोर गट नंबर हवाच, आणि नाही म्हणाले तर तो नकार इतिवृत्तात लिहून घ्या.