कुठवर आलास?

नमस्कार श्रोतेहो.

संध्याकाळचे सात वाजले की मी रोज मुलाला फोन करायचे आणि विचारायचे, "कुठवर आलास?" इथं इंदूरमध्ये त्याचं ऑफिस विजयनगरला, आमचं घर लोकमान्य नगरला. पलासिया, गीताभवन, नवलखा, गर्दीचे सगळे चौराहे वाटेतच. जीव टांगणीला लागायचा, म्हणून फोन.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात असाच लावला. म्हटलं, "येताना दही घेऊन ये." त्यानं चालत्या गाडीवरच फोन उचलून हेल्मेटमध्ये कानाशी खुपसला होता. "किती आणू, आई?" एवढं ऐकू आलं आणि पाठोपाठ पत्रा डांबरावरून घासत जावा तसा आवाज. फोन चालूच होता. मी हाका मारत राहिले. मग कुणा परक्या मुलाचा आवाज आला, "आंटीजी, घबराइए मत, भैया गिर गए हैं. महू नाके के पास."

गळ्याजवळचं हाड मोडलं. दीड महिना हात झोळीत. रस्त्यावर सांडलेली खडी त्याला दिसली नव्हती. दवाखान्यात तो मला म्हणाला, "आई, मी समोरच बघत होतो गं."

तो खोटं बोलत नव्हता. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले आहेत. गाडी चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्रावर माणसं बसवली, काहींना फोनवर बोलायला लावलं आणि त्यांची नजर कुठं जाते ते टिपलं. बोलणाऱ्यांची नजर रस्त्यावरच्या वस्तूंवर जात होती, पण नंतर विचारलं तर त्यातल्या कितीतरी वस्तू त्यांना आठवत नव्हत्या. डोळे उघडे होते, मन दह्यात होतं. फोन हातात नसला, कानात यंत्र लावून बोललं, तरी हेच घडतं. म्हणून 'मी तर ब्लूटूथवर बोलतो' यात फारसा दिलासा नाही. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, आणि हात मोकळे ठेवून बोलणं त्याहून फार सुरक्षित नाही.

फोन नुसता पाहायचा म्हटलं तरी काय होतं? क्रिकेटवीर सी. के. नायडूंच्या या शहरात खेळपट्टीचं माप कुणाला सांगायला नको. 22 यार्ड, म्हणजे साधारण 20 मीटर. ताशी 40 किलोमीटरनं चाललेली स्कूटर एका सेकंदात 11 मीटर जाते. कुणाचा फोन आहे हे पाहायला तीन सेकंद लागले, तर 33 मीटर, म्हणजे दीड खेळपट्टीहून जास्त अंतर, आपण आंधळेपणानं गेलो. आणि नजर वर आली म्हणून मन लगेच परत येत नाही. गाडीतल्या यंत्राला तोंडी हुकूम दिल्यावर लक्ष पूर्णपणे रस्त्यावर यायला 27 सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो, असं याच स्ट्रेयर यांच्या चमूला 2015 मध्ये आढळलं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून चालवताना फोन हातात धरून वापरणं धोकादायक वाहनचालनात मोडतं. दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. रस्ता शोधण्यापुरता फोन चालतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. फोन हे त्यातलं एकच कारण, पण आपल्या हातात असलेलं.

मला बोलायचं आहे ते मात्र फोन करणाऱ्यांशी. स्ट्रेयर यांच्याच गटाला आणखी एक गोष्ट दिसली. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं फोनवरच्या बोलण्याइतकं घातक ठरत नाही, कारण त्यालाही रस्ता दिसतो. समोर बस आडवी आली की तो गप्प होतो, नाहीतर "अरे सांभाळ" म्हणतो. मी माझ्या स्वयंपाकघरात उभी होते. मला खडी दिसत नव्हती. मी दह्याचंच बोलत राहिले असते.

आता आमच्याकडे रीत बदलली आहे. तो गाडीला किल्ली लावायच्या आधी "निघालो" एवढा निरोप टाकतो. त्यानंतर तासभर घरातलं कुणी त्याला फोन करत नाही. सुनेलाही सांगून ठेवलंय, नातीलाही. फोनमध्ये 'मी गाडी चालवत आहे' असं उत्तर आपोआप जाण्याची सोय असते, ती त्यानं चालू केली आहे. दुसऱ्या कुणाला फोन लागला आणि वाऱ्याचा, हॉर्नचा आवाज आला, तर मी एवढंच म्हणते, "गाडीवर आहेस ना? ठेवते." उत्तराची वाट पाहत नाही. वाट पाहिली की तो बोलायला लागतो.

जेवण घेऊन येणाऱ्या मुलांनाही तेच. पत्ता नीट लिहिलेला असला की "कहाँ तक आए भैया?" विचारायला नको. ती मुलंही कुणाची तरी आहेत. आणि रिक्षावाला चालवता चालवता बोलू लागला, तर मी मागून म्हणते, "भैया, साइड में रोककर बात कर लो, हमें जल्दी नहीं है." अजून एकही रागावलेला नाही.

परवा तो चाळीस मिनिटं उशिरा आला. फोन माझ्यासमोर टेबलावर पडला होता. दोनदा हात पुढं गेला. मग मी उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले, त्याच्या गाडीचा दिवा गल्लीत वळेपर्यंत.

नमस्कार.