मोरे: फाटकावर जगणारं गाव

मंडळी, मोरे म्हटलं की आपल्याला जावळीचे मोरे आठवतात. आजचं मोरे वेगळं. हे मणिपूरच्या टेंगनौपाल जिल्ह्यातलं, म्यानमारच्या सीमेला खेटून असलेलं गाव. इम्फाळहून साधारण 110 किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत इथली वस्ती 17 हजारांच्याही आत होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या आठवडी बाजाराच्या गावाएवढी. पण त्या एवढ्याशा गावात कुकी, मेतेई, नागा, पांगाल म्हणजे मेतेई मुसलमान, नेपाळी, मारवाडी, पंजाबी, बिहारी आणि तमिळ!

तमिळ तिथे पोचले कसे, हे नीट ऐकण्यासारखं आहे. इंग्रजांच्या काळात चेट्टियार सावकार आणि त्यांच्या मागोमाग हजारो तमिळ मजूर ब्रह्मदेशात गेले. 1962 साली तिथल्या लष्करप्रमुख ने विनने सत्ता घेतली, पुढे दुकानं, गोदामं, पेढ्या सरकारजमा झाल्या आणि पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेल्यांना बोटीत बसून निघावं लागलं. भारतात आल्यावर निर्वासितांच्या छावण्या. ज्या तमिळनाडूला ते आपला मुलूख म्हणत, तो त्यांना परका वाटू लागला. तेव्हा काही जणांनी ठरवलं की पायी परत जायचं. देशाच्या दक्षिण टोकाकडून ते ईशान्येच्या या टोकाला आले. ब्रह्मी पहाऱ्याने त्यांना अडवलं, आणि जिथे अडले तिथेच ते राहिले. आज मोरेत अंगाळ परमेश्वरीचं गोपुराचं देऊळ आहे आणि जुनी माणसं ब्रह्मी भाषा बोलतात. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी मंडालेहून रत्नागिरीला आणून ठेवलं होतं. त्याला परतायला कुणी मोरे दाखवलं नाही, एवढंच.

आता व्यापार. पलीकडचं, म्यानमारमधलं तामू जेमतेम पाच किलोमीटरवर, पण तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास पुढे. 1994 साली दोन्ही देशांचा करार झाला, 1995 मध्ये रीतसर सीमाव्यापार सुरू झाला. सुरुवातीला 22 जिनसांची यादी होती, आणि व्यवहार वस्तूला वस्तू असा. कागदावर हे छान. प्रत्यक्षात सीमेवरच्या दुसऱ्या क्रमांकाच्या फाटकातून लोक पलीकडच्या नाम्फालाँग बाजारात जायचे आणि ब्लँकेटं, चपला, चिनी टॉर्च पाठीवर घेऊन यायचे. सीमेलगतच्या 16 किलोमीटरपर्यंत डोंगरी लोकांना व्हिसाशिवाय ये-जा करायची मुभा होती. सरकारी दप्तरातला व्यापार आणि बाजारातला व्यापार यांची कधी गाठच पडली नाही. आणि सुपारी? नागपूरकरांना मी काय सांगणार! ब्रह्मी सुपारीच्या तस्करीचा मामला उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणाऱ्याला मोरे ठाऊक नसेल, त्याच्या तोंडाला ठाऊक आहे.

ही सगळी माणसं गुण्यागोविंदाने राहत होती, असं म्हणायचा मोह मला होतो. पण ते खरं नाही. 1992 पासूनच्या नागा-कुकी संघर्षाची झळ मोरेलाही बसली होती. माणसं एकत्र राहिली ती फाटकामुळे. माल आणणारा एक, हमाली करणारा दुसरा, दुकान तिसऱ्याचं, गाडी चौथ्याची. धंद्याला चौघेही लागायचे.

मार्च 2020 मध्ये करोनामुळे फाटक बंद झालं. फेब्रुवारी 2021 मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता घेतली आणि तिकडची माणसं जीव वाचवायला इकडे आली. मग 3 मे 2023. मणिपुरात मेतेई-कुकी हिंसाचार पेटला, मोरेतली मेतेई घरं जळली आणि मेतेई इम्फाळकडे गेले. इम्फाळच्या रस्त्यावर ना कुकीला जाता येईना, ना मेतेईला यायला. 2024 च्या फेब्रुवारीत केंद्राने मुक्त ये-जा बंद करण्याची घोषणा केली आणि कुंपणाचं बोलणं सुरू झालं.

मालाला तरी चालक हवाच. या भांडणात ज्यांना दोन्ही बाजूंची नाकी ओलांडता येत होती, ते बहुतेक पांगाल.