पावसाचे चार महिने आणि एक सेकंद

मंडळी, नमस्कार. फळ्यावर विषय लिहिलाय, 'जुन्या कॅमेऱ्याची पावसाळ्यातली निगा'. त्याकडे येतोच, पण आधी मनातलं बोलू द्या. खूप दिवस साठलंय, आणि ऐकायला एवढी माणसं एका वेळी परत कधी मिळणार?

आपल्या कोल्हापुरात खरी कॉर्नरला आपण कॅमेऱ्याचा स्तंभ उभा केलाय. आनंदराव पेंटर १९१६ साली गेले, त्यांचा सिनेमाचा कॅमेरा अर्धवट राहिला. त्यांचे चुलतभाऊ बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन तो पुरा केला आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' हा सिनेमा पडद्यावर आला. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ज्या गावानं स्वतःच्या हातानं कॅमेरा घडवला, त्याच गावात आज घरोघरी आजोबांचा कॅमेरा शोकेसमध्ये, लग्नात आलेल्या चांदीच्या गणपतीशेजारी बसलाय. वर्षातून एकदा दिवाळीला त्याच्यावरून फडकं फिरतं. मला ते बघवत नाही. पैलवानाला चार महिने तालमीत जाऊ दिलं नाही तर काय होतं, ते कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कॅमेऱ्यातल्या शटरचं, म्हणजे फोटो घेताना क्षणभर उघडून मिटणाऱ्या झडपेचं, तेच होतं. कॅमेरा चालता राहिला तरच टिकतो, हे माझं म्हणणं.

हा माझ्या हातातला याशिका ६३५. आमच्या आण्णांचा. हे मॉडेल १९५८ साली आलं. आण्णांनी नंतर कधीतरी जुना विकत घेतला. एकशेवीस नंबरचा फिल्मचा रोल, बारा चौकोनी फोटो. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्या भिंगातून फोटो येतो. मान खाली घालून काचेत बघितलं की डावं-उजवं उलटं दिसतं. नवरदेव डावीकडं सरकला की काचेत उजवीकडं पळतो. मी शिकत होतो तेव्हा आण्णा म्हणायचे, "काचेतल्या नवऱ्यामागं धावू नको बाळ, नवरी बघ, ती एका जागी असते." (हशा) हसताय, पण लग्नात फोटो काढलेल्यांना विचारा.

याचं शटर भिंगाच्या आतच आहे. पोलादी पात्यांची एक चकती, केसाएवढ्या जाडीची पाती, उघडतात आणि मिटतात. सेकंदाच्या पाचशेव्या भागात काम स्प्रिंग करते. पण गती, म्हणजे शटर उघडं राहायचा वेळ, एक सेकंदावर ठेवली की स्प्रिंगला लगाम घालायला दातेरी चाकांची एक छोटी माळ मध्ये येते. घड्याळातली असते तशीच. तिचा आवाज येतो, किर्रर्र. तो आवाज एकसारखा असेल तर कॅमेरा ठणठणीत. मध्येच अडखळला, रेंगाळला, तर वंगण सुकलंय. आण्णा डॉक्टरसारखे कानाला लावून ऐकायचे.

आण्णा गेल्यावर हा दोन वर्षं कपाटात होता. चूक माझी. बाहेर काढला तर एका सेकंदाचे तीन होत होते. भाचीचं लग्न दहा दिवसांवर आलेलं. मी एका दुरुस्तीवाल्याकडं नेला. गाव आणि नाव सांगत नाही. त्यानं समोरची रिंग काढली, शिलाई मशीनच्या तेलाची कुपी उचलली आणि दोन थेंब आत सोडले. माझ्या डोळ्यांदेखत. आवाज लगेच गुळगुळीत झाला. मी खूश होऊन पैसे दिले. आता मला कळतं, तेव्हाच हात धरायला हवा होता. पात्यांना तेल लागत नाही, मंडळी. ती कोरडी ठणठणीत हवीत. दोन पात्यांच्या फटीत तेल आपोआप ओढलं जातं, समईची वात तेल ओढते तसं, आणि पातळ पाती ओल्या काचांसारखी एकमेकींना चिकटतात.

लग्नाच्या दिवशी अंतरपाट खाली आला, मी बटण दाबलं. क्लिक झालं. बारा वेळा क्लिक झालं. आई तेव्हा ब्याऐंशीची होती, खुर्चीवर बसून नातीच्या डोक्यावर अक्षता टाकत होती. एवढा मोठा कार्यक्रम, आणि मी तिच्यासाठी तीन फोटो राखून ठेवलेले. रात्री रोल धुतला. मे महिना, नळाचं पाणी कोमट, म्हणून परातीत बर्फ घालून डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं रसायन, वीस अंशांवर आणला, सगळं आण्णांनी शिकवलं तसं. रोल बाहेर काढला तर खिडकीच्या काचेसारखा स्वच्छ. एकही फोटो नाही. आवाज करणारी चाकं चालू होती, पाती मात्र मिटलेलीच राहिली होती. मोबाईलवर सगळ्यांनी फोटो काढले होते, आहेत माझ्याकडं. पण तो रोल मी अजून टाकलेला नाही.

तेव्हापासून रोल भरायच्या आधी मी मागचं झाकण उघडून, आभाळाकडं धरून, प्रत्येक गतीवर पाती उघडताना डोळ्यांनी बघतो. नुसत्या आवाजावर जायचं नाही. आणि पाती चिकटलीच असतील तर तेल काढणारा माणूस शोधा, घालणारा नको.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं, पावसाळा.

तुमच्या चपला घ्या. श्रावणात कपाटातून काढल्या की त्यांच्यावर काय असतं? पांढरी-हिरवी बुरशी. कॅमेऱ्याचं चामड्याचं कव्हर म्हणजे तीच चप्पल. ओल धरून ठेवतं आणि बुरशीला भिंगाच्या दारात आणून सोडतं. कोल्हापुरात उभं राहून चामड्याविरुद्ध बोलतोय, माफ करा (हशा), पण जून लागायच्या आत कव्हर वेगळं काढा. बुरशीला अंधार, ओल आणि न हलणारी हवा आवडते, म्हणजे आपलं लोखंडी कपाट. तिच्यातून आम्ल सुटतं, ते भिंगावरचा लेप खातं. वरची बुरशी पुसता येते, खाल्लेली काच परत येत नाही.

घट्ट झाकणाचा डबा, आत ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून परत निळे करा, पण स्वयंपाकाच्या भांड्यात अजिबात नको, ते विषारी असतात. डब्यात आर्द्रतामापक ठेवा, चाळीस ते पन्नास टक्के पुरे. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवू नका, पीठ आत जातं. शटर ताणलेलं ठेवू नका. जुन्या कॅमेऱ्याच्या सेल्फ टायमरला हात लावू नका, अडकला तर सगळंच अडकतं. पुराच्या पाण्यात गेलेला कॅमेरा चालवून बघू नका, आधी दाखवा. उघडीप मिळाली की बाहेर काढा, रिकामाच, सगळ्या गतींवर दहा-दहा वेळा दाबा. आणि वर्षातून दोन रोल तरी भरा. प्रकाश मोजणारा मीटर बंद असला तरी चालतं: कडक उन्हात ॲपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, सोळावर, आणि गती फिल्मच्या डब्यावरच्या आकड्याइतकी. शंभरची फिल्म तर सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग, चारशेची तर पाचशेवा. रंकाळ्यावर सकाळी दहाला हे कधी चुकत नाही.

वेळ संपली, हो, कळतंय. एकच करा. ते दोन पंखे बंद करा, मोबाईल खाली ठेवा. मी गती एक सेकंदावर आणतोय. मागच्या रांगेतल्यांनी जरा पुढं या, लांबून ऐकू येणार नाही. आण्णांचा कॅमेरा आहे. हं, ऐका.