आधी आठशे

(शेडचं शटर वर जातंय. आत ताडपत्रीखाली गाडी.)

बेळगावात उद्यमबागच्या मागच्या बाजूला, जिथं सकाळी आठपासनं लेथचा आवाज सुरू होतोय तो रात्रीच थांबतोय, तिथल्या एका शेडमधी ही गाडी उभी हाय. ताडपत्री निघू दे आधी. हां, आता बघा. लाल रंग, आणि चार दरवाजे आहेत म्हणून कोण हिला साधी सेडान म्हणत असेल तर त्यानं जरा बॉनेट उघडेपर्यंत थांबावं. स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस, २०१७ ची, टू लिटर टर्बो पेट्रोल, २३० हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर सात सेकंदाच्या आत. सेकंडहँड घेतलेली, कोल्हापूरकडनं आलीय म्हणून पासिंग एमएच शून्य नऊ. आपल्याकडं हे काय नवीन नाही, बेळगावात एका सिग्नलला थांबलात तर केए बावीसच्या मधी एमएच शून्य नऊ आणि जीए पासिंगच्या गाड्या दिसणारच, कर्नाटकाचा लाइफ टाइम टॅक्स भरताना भल्याभल्यांचा हात थरथरतोय. तो विषय वेगळा, त्यावर कधीतरी वेगळा व्हिडिओ करू.

तर ही गाडी कुणाची? कागदावर पप्पांची. पण घेतली कुणासाठी ते त्या पोराच्या तोंडाकडं बघितलं की कळतंय, जो आत्ता कापडानं बॉनेट पुसालाय. वय १८ वर्षं ४ महिने. लायसन हातात येऊन १५ दिवस झालेत.

(आरटीओचा ट्रॅक. एक छोटी गाडी रिव्हर्स घेतेय.)

लायसन कसं मिळतंय ते एकदा नीट बघून घ्या, कारण पुढचं सगळं इथंच अडकलंय. १८ पूर्ण झाले की एलएल, म्हणजे शिकाऊ लायसन, त्यानंतर ३० दिवस गेले की पक्क्या लायसनच्या टेस्टला बसता येतंय. टेस्ट ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीवर, पहिल्या-दुसऱ्या गियरमधी, जरा रिव्हर्स, जरा चढ, झालं. आणि जे कार्ड हातात येतंय त्यावर लिहिलेलं असतंय एलएमव्ही, म्हणजे हलकं मोटार वाहन. त्याच कार्डावर अल्टो चालते, त्याच कार्डावर ही २३० हॉर्सपॉवरची गाडी चालते, आणि उद्या कुणी मस्टँग आणून दिली तर ती पण त्याच कार्डावर. इंजिन केवढं, पॉवर किती, कोण विचारत नाही.

आणि आता हे ऐका. हा बघा विटा भरलेला टेम्पो, घाट चढताना मागच्यांना हॉर्न मारायला लावणारा. हा भाड्याचा टेम्पो चालवायचा असेल तर मोटार वाहन कायदा म्हणतोय वय २० पूर्ण पाहिजे. २०! पिवळ्या पाटीची गाडी असेल तर वीस, आणि शेडमधल्या त्या लाल गाडीला अठरा. आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात नवीन ड्रायव्हरला, ज्याला तिथं पी प्लेटवाला म्हणतात, जास्त ताकदीची गाडी चालवायलाच देत नाहीत. गाडीच्या एका टन वजनामागं १३० किलोवॅटच्या वर पॉवर असेल तर नाही म्हणजे नाही. गंमत बघा, ही आपली लाल गाडी कंपनीतनं जशी आली तशी मोजली तर १२० च्या आत बसतेय, म्हणजे तिथं पण पास. पण पोराच्या डोक्यात पहिल्या दिवसापासनं स्टेज वन रिमॅप आहे, लॅपटॉप लावायचा, ईसीयू मधी, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधी, दुसरी फाइल टाकायची, तीनशेच्या आसपास हॉर्सपॉवर. ते केलं की दीडशेच्या वर गेली. अर्ध्या तासाचं काम. आपल्याकडं त्याला आडवं येणारं घरात कोण असेल तर असेल.

(गॅरेज. मेस्त्रींचे हात. टायर जवळून.)

मेस्त्री गेली ३० वर्षं हेच करतायत. बोलताना मराठी, कन्नड, हिंदी सगळं एकात एक. त्यांनी बॉनेट उघडलं आणि पहिल्यांदा इंजिनला हातच लावला नाही, खाली बसले आणि टायर बघितला. पोरगं म्हणालं, "मेस्त्री मामा, टर्बो दाखवा की ह्यांना." मेस्त्री म्हणाले, "दाखवतो की रे, गडबड कशाला करालास, आधी हे वाच."

टायरच्या बाजूला हे चार आकडे दिसतायत? २११७. म्हणजे २०१७ सालातला २१ वा आठवडा. टायर तेव्हा तयार झालाय. नक्षी अजून शाबूत, कोण पण लांबून बघून म्हणेल टायर चांगला आहे, पण मेस्त्रींनी नखानं दाबून दाखवलं, रबर दगडागत झालंय, आणि खाचेच्या तळाला ह्या बारीक बारीक भेगा. पावसाळ्यात रस्त्याला धरून ठेवायचं काम ह्या रबराचं. २३० हॉर्सपॉवर असू दे नाहीतर हजार, रस्त्याला गाडी टेकते ती चार तळहाताएवढ्या जागेवर, आणि त्या चार तळहातांचं वय पोरानं गाडी घेताना बघितलंच नव्हतं. साउंड सिस्टीम बघितली होती, सीटं बघितली होती.

मग टर्बो. सायलेन्सरकडं जाणारा गरम धूर एका बारीक पंख्याला फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जळणार म्हणजे जास्त जोर. जुन्या टर्बो गाड्यांना जरा वेळ लागायचा, आधी काही नाही, मग एकदम धक्का. ह्या गाडीत दीड हजार आरपीएमपासनंच ३५० एनएमचा पूर्ण टॉर्क मिळतोय. म्हणजे सिग्नलवरनं निघताना पाय जरासा जास्त पडला तर मागनं कोणीतरी ढकलल्यागत गाडी जाते. कोरड्या रस्त्यावर मजा येते, येतेच, आम्ही पण बसून बघितलंय, खोटं कशाला बोलायचं. पण मेस्त्री जे म्हणाले ते आम्ही कट न करता ठेवलंय: "ही गाडी आवाज करत नाही, हाच हिचा दोष. एकशेवीसला गेली तरी आत बसलेल्याला सत्तरागत वाटतंय. शिकणाऱ्या पोराला गाडीनं ओरडून सांगितलं पाहिजे."

आणि ओरडून सांगणारी गाडी ह्याच शेडमधी मागच्या कोपऱ्यात होती.

(कोपऱ्यातली पांढरी मारुती ८००. वरची धूळ फुंकली जातेय.)

आजोबांची आठशे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ३७ च्या आसपास हॉर्सपॉवर, वजन जेमतेम साडेसहाशे किलो, चार गियर, पॉवर स्टेअरिंग नाही, एसी नाही. आजोबांचं खडेबाजारात दुकान होतं आणि ही गाडी घेतली तेव्हा गल्लीतली पहिली, नारळ फोडला, बोनेटवर हळद-कुंकू, कपिलेश्वराला पहिली फेरी. पप्पा ह्याच गाडीवर शिकले. आजोबा बाजूला बसायचे, हातात वेताची छत्री, क्लचवर पाय ठेवून गाडी चालवली की गुडघ्यावर छत्री. पप्पा आज हसत सांगतात. शहापूरची चिंचोळी गल्ली, समोरनं बैलगाडी, मागं रिक्षा, आणि चढावर गाडी हाफ क्लचवर धरून ठेवायची, हँडब्रेकला हात लावायचा नाही. ती गाडी गेल्या सहा वर्षांत सुरू झाली नव्हती. मेस्त्रींनी कार्बोरेटर उतरवला, जेट साफ केले, बॅटरी नवीन, ब्रेकचे रबर नवीन, चारी टायर नवीन. बारा इंचाचे टायर आहेत, स्वस्तात मिळतात. तिसऱ्या स्टार्टरला ही बघा, सुरू. हा आवाज आमच्या पिढीतल्या प्रत्येकाच्या कानात असणार.

पप्पांनी पोराला एकच अट घातली. एक पावसाळा आणि एक उसाचा सीझन आठशे चालव, मग लाल गाडीची किल्ली.

पोरगं दोन दिवस बोललं नाही.

आता कोण म्हणेल, आठशेत ना एअरबॅग ना एबीएस, ती काय सेफ? बरोबर आहे, नाहीच ती सेफ, म्हणून तिला हायवेला न्यायचं नाही हे आधीच ठरलं होतं. गावातली गल्ली, टिळकवाडीची रेल्वे गेटं, येळ्ळूर, राजहंसगडाची पायथ्यापर्यंतची वाट, एवढंच. हायवेसाठी घरातली साधी वन पॉइंट टू हॅचबॅक, एअरबॅगवाली, आणि बाजूला पप्पा.

(पाऊस. वायपर. येळ्ळूरचा रस्ता.)

ह्या गाडीत ऐंशीला दार थरथरतं, आरसा हलतो, वारा आत येतो, स्टेअरिंग हाताला ओढतं. साठवर सुद्धा पोराला वाटतंय आपण उडालोय. पाणी साठलेल्या ठिकाणी टायर तरंगला की स्टेअरिंग एकदम हलकं होतं, आणि ते हातालाच कळतंय, स्क्रीनवर दिवा लागायची वाट बघावी लागत नाही. तिसऱ्या दिवशी पोरगं स्वतःहून वेग कमी करालं होतं. आम्ही मागच्या सीटवर कॅमेरा धरून होतो, बघितलंय.

आणि पप्पांची शिकवायची पद्धत ऐकण्यासारखी आहे. गाडी चालवताना जे जे दिसतंय ते मोठ्यानं बोलायचं. गप्प बसायचं नाही. हा भाग डिसेंबरचा, संकेश्वर-निपाणीकडचा, साध्या हॅचबॅकमधला, संध्याकाळी सातच्या सुमाराचा:

"पुढं ट्रॅक्टर... दोन ट्रॉल्या... ऊस."
"मागं लाइट आहे?"
"नाही."
"रिफ्लेक्टर?"
"नाही दिसालाय."
"मग तुला ट्रॉली कुठनं दिसली?"
"पप्पा, ते... एकदम जवळ आल्यावर."

हेच. सीझनमधी आपल्या भागात संध्याकाळनंतर प्रत्येक रस्त्यावर हेच. ताशी शंभरला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. डोळ्यानं बघून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा, ४२ मीटर गेले, अजून ब्रेक लागलाच नाही, आणि लो बीमचा उजेड पोचतोय साधारण तेवढ्यापर्यंतच. वेग दुप्पट केला की थांबायला लागणारं ब्रेकचं अंतर चौपट होतंय, साठला जेवढं लागतं त्याच्या चारपट एकशेवीसला, आणि ह्यात ट्रॉलीचा ऊस मागं हातभर बाहेर आलेला असतोय तो धरलेलाच नाही. पप्पांनी तिथंच गाडी कडेला घेऊन फुटपाथच्या दगडावर खडूनं गणित करून दाखवलं.

(चौकातला फ्लेक्स. कॅमेरा थांबत नाही.)

असे श्रद्धांजलीचे फ्लेक्स प्रत्येक चौकात लागतात, फोटोतलं पोरगं विशीच्या आतबाहेरचं. मे २०२४ मधी पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन जीव गेले, चालवणारा १७ वर्षांचा होता असा गुन्हा नोंदला गेला, ते सगळ्यांनी बघितलंय. १८ च्या आतल्या पोराच्या हातात गाडी सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणं पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि पोराला वयाची २५ होईपर्यंत लायसन नाही.

मित्रांचं पण सांगायचं राहिलं. न्यूझीलंडमधी १९८७ पासनं टप्प्याटप्प्यानं लायसन देतात, मधल्या टप्प्यात रात्री १० ते पहाटे ५ एकट्यानं चालवायची नाही आणि अनुभवी माणूस बाजूला नसेल तर मित्र गाडीत घ्यायचे नाहीत. पप्पांनी हे कुठं वाचलं नव्हतं, त्यांनी तेच केलं. मागच्या सीटवर सहा महिने कोण मित्र नाही. चार पोरं मागं बसली की पाचव्याचा पाय जड होतोय, हे त्यांना स्वतःच्या जवानीतनंच माहीत. पोराला हे सगळ्यात जास्त लागलं. कॉलेजचा ग्रुप चोर्ला घाटाला निघाला, हा गेला नाही. कणकुंबीचं धुकं, मलप्रभेच्या उगमाजवळचा तो पाऊस, सगळ्यांचे रील आले, ह्याच्या फोनमधी. तो दिवस आमच्याकडं शूट नाही.

(वंटमुरी घाट, पहाट, वरनं. ट्रक एकामागं एक उतरतायत.)

हा वंटमुरी घाट. बघा ट्रकवाले कसे उतरतायत, लोअर गियर, ब्रेकवर पाय सारखा नाही, इंजिनच गाडी धरून ठेवतंय. पाटीवर कन्नडमधी लिहिलंय निधानवागि चलिसि, म्हणजे सावकाश चालवा. मेस्त्री पोराला हाक मारताना पण तेच म्हणतात, निधान रे, निधान. हॅचबॅकमधी पप्पांनी पोराला इथं सात वेळा खाली आणि सात वेळा वर नेलं. सातव्या वेळी पूर्ण उतारात ब्रेकचा दिवा तीनदाच लागला, मागच्या गाडीतनं आम्ही मोजलंय.

(शेड. फेब्रुवारी. ताडपत्री परत निघतेय.)

लाल गाडी. टायर चारी नवीन, ब्रेक फ्लुइड नवीन. रिमॅपचा विषय पोरानं स्वतःच काढला, म्हणाला, "दोन वर्षांनी बघू." पप्पांनी किल्ली दिली. पोरगं आत बसलं नाही. आधी खाली वाकलं, टायरचे चार आकडे बोटानं पुसले, मोठ्यानं वाचले, मग उठलं.

तिसऱ्या गेटाकडं निघालेत. ताशी तीस. पप्पा बाजूला, कॉलरचा माइक चालूच राहिला होता.

"डावीकडं सायकल... म्हातारा माणूस, मागं बघालाय... पुढं बस, इंडिकेटर नाही, थांबणार... थांबली. मुलं उतरालेत. एक अजून बसच्या पुढं आहे, दिसत नाही, पाय दिसालेत फक्त... थांबतो."